मिरगी : बाहेरची बाधा नव्हे, मेंदूचा आजार

तीन वर्षांपूर्वीच्या आषाढातली गोष्ट. लाखांदूर तालुक्यातल्या एका गावी धानाची रोवणी चालू होती. बांधीत वाकलेल्या बायांच्या ओळीतली सोळा वर्षांची पोर एकाएकी ताठ झाली आणि चिखलात कोसळली. हातपाय झडू लागले, डोळे फिरले, तोंडाला फेस आला. शेजारच्या बाईने तिला लगेच बांधावर ओढले म्हणून ती वाचली, नाहीतर गुडघाभर पाण्यातच तिचा जीव गेला असता. मग कोणी चप्पल हुंगवली, कोणी कांदा फोडून नाकाला लावला, कोणी दातांत चमचा घालायला धावले. दोन-तीन मिनिटांनी झटका आपोआप थांबला आणि श्रेय मिळाले चपलेला!

संध्याकाळी घरात भगताची चर्चा सुरू झाली. घर आपल्याच समाजाचे. भिंतीवर तथागतांची आणि बाबासाहेबांची तसबीर. बावीस प्रतिज्ञा बापाला तोंडपाठ. त्या संध्याकाळी आम्ही कामानिमित्त त्याच वस्तीत होतो. बाप आम्हाला बाजूला घेऊन म्हणाला, "भाऊ, प्रतिज्ञा आपल्याले ठाऊक हायेत जी. पन पोरगी माही हाय. कोनाचं आयकू?"

आम्ही त्याच्यावर रागावलो नाही. लहानपणी आम्हीही एका शेजाऱ्याच्या नाकाला असाच कांदा लावलेला आहे. माणूस अंधश्रद्धेकडे वळतो तो दरवेळी मूर्खपणानेच असे नाही. समोर काय घडले ते त्याला कळत नाही आणि कळवून देणारा कोणी जवळ नसतो, म्हणून तो वळतो. तेव्हा नुसते "भगताकडे जाऊ नका" म्हणून भागणार नाही. मग जायचे कुठे आणि तिथे काय होते, हेही सांगितले पाहिजे. हा लेख त्यासाठीच आहे.

कारणाशिवाय काही घडत नाही

तथागतांनी प्रतीत्यसमुत्पाद सांगितला. कारण असेल तर कार्य घडते, कारण नाहीसे केले की कार्य थांबते. मिरगीलाही हाच नियम लागू आहे.

आपल्या मेंदूत कोट्यवधी पेशी आहेत आणि त्या एकमेकींशी विजेच्या अगदी सूक्ष्म इशाऱ्यांनी बोलतात. विहिरीवरच्या बायांसारखे प्रत्येकीचे बोलणे वेगळे, आपापल्या वेळी चालते. पण कधी कधी एखाद्या जागच्या हजारो पेशी एकाच वेळी, एकाच सुरात ओरडू लागतात. तो गलका मेंदूभर पसरला की माणूस कोसळतो, झडतो. तो थोड्याच भागात राहिला तर नुसता एक हात उडतो किंवा माणूस क्षणभर हरवल्यासारखा होतो. यालाच मिरगी, फेफरे, अपस्मार किंवा फिट म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे जगात सुमारे ५ कोटी लोकांना हा आजार आहे आणि नीट औषध मिळाले तर त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत लोकांचे झटके थांबू शकतात. एवढे ज्याचे औषध आहे, त्याला बाधा कशी म्हणावी?

मेंदूचा आलेख : ईईजी

आठ दिवसांनी त्या मुलीला घेऊन आम्ही नागपूरला गेलो. भंडाऱ्यापासून नागपूर साठेक किलोमीटर, पण लाखांदूरकडच्या माणसाचा जाण्यायेण्यात अख्खा दिवस मोडतो. रोवणीच्या दिवसांत दोघांची मजुरी बुडाली. सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांनी सगळी हकिगत ऐकून घेतली आणि पहिली तपासणी लिहून दिली ती ईईजीची.

तारा पाहून आई घाबरली. "पोरीले शॉक देतेत का?" हा प्रश्न आम्ही पुष्कळांच्या तोंडून ऐकला आहे, म्हणून स्पष्ट सांगतो. ईईजीत मेंदूला करंट देत नाहीत. मेंदूत जो करंट मुळात असतो तो फक्त मोजतात. डोक्याच्या कातडीवर ठरावीक जागी वीस-एकवीस लहान चकत्या पेस्टने चिकटवतात. त्यांच्या तारा यंत्राला जोडलेल्या असतात. माणूस अर्धा तास पडून राहतो आणि तिकडे पडद्यावर लाटा उमटत जातात. मेंदूतून येणारा हा इशारा व्होल्टच्या काही लाखाव्या भागांएवढा असतो. टॉर्चच्या एका सेलच्या ताकदीचे तीस हजार भाग करावेत, त्यातल्या एका भागाएवढा! म्हणून यंत्राला तो पुष्कळ मोठा करून दाखवावा लागतो. दुखत काही नाही. सुई नाही, कापाकापी नाही.

माणसाच्या मेंदूचा हा आलेख पहिल्यांदा काढला जर्मनीतल्या येना शहरातल्या हान्स बर्गर या डॉक्टरने १९२४ साली. खात्री करून घेण्यात त्याने पाच वर्षे घालवली आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला. तरीही अनेक विद्वानांचा आधी विश्वास बसला नाही. पुढे इतरांनी तोच प्रयोग करून पाहिला, तसाच आलेख निघाला, तेव्हा जगाने मान्य केले. केसपुत्त गावच्या कालामांना तथागतांनी हाच मार्ग सांगितला होता. परंपरा आहे म्हणून मानू नका, सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या.

मेंदूचा फोटो आणि दारातला ताईत

मुलीच्या ईईजीत डाव्या बाजूला टोकदार लाटा दिसल्या. गलका कुठून उठतो ते कळले. पण तो का उठतो, हे पाहायला मेंदूचा फोटो लागतो.

फोटो दोन प्रकारचे. सीटी स्कॅनमध्ये क्ष-किरणांनी मेंदूचे काकडीच्या चकत्यांसारखे एकेक थर दिसतात. काम काही मिनिटांत होते. डोक्याला मार लागला, मेंदूत रक्त साचले, तर पहिल्यांदा हाच काढतात. गॉडफ्रे हाउन्सफिल्ड या इंग्रज इंजिनिअरने बनवलेल्या यंत्राने १९७१ साली लंडनच्या एका रुग्णालयात पहिल्या रुग्णाचा असा फोटो निघाला. १९७९ साली त्यांना अॅलन कॉर्मॅक यांच्यासोबत नोबेल पारितोषिक मिळाले. दुसरा प्रकार एमआरआय. त्यात क्ष-किरण नसतात, जबरदस्त ताकदीचे चुंबक असते. वेळ जास्त लागतो, यंत्र ठकठक आवाज करते, पण बारीक दोषही दिसतो.

मुलीला एमआरआय सांगितला होता. खोलीच्या दारात तंत्रज्ञ म्हणाला, "अंगावरचं धातूचं सगळं काढा. पिना, बांगड्या, पैंजण, सगळं." मुलीच्या आईने खाली मान घालून पोरीच्या गळ्यातला ताईत काढला. मधल्या आठ दिवसांत भगत येऊन गेला होता, हे आम्हाला तेव्हा कळले. आम्ही काही बोललो नाही. ताईत बाहेर राहिला, पोरगी आत गेली.

फोटोत मेंदूच्या डाव्या भागात वाटाण्याएवढी गोल कडी दिसली. डॉक्टरांनी सांगितले, ही जंताची गाठ आहे. न्यूरोसिस्टिसरकोसिस.

डुकराच्या मांसाचा टोमणा

इथे आम्हाला थांबून बोलले पाहिजे. गावात ही बातमी पसरली तेव्हा एका 'वरच्या' आळीतून टोमणा आला, "डुक्कर खातात, म्हणून झालं." आजाराच्या दुःखावर जातीचे मीठ! बाप शरमेने गप्प बसला. वास्तविक शरमेचे काहीच नव्हते.

विज्ञान काय म्हणते ते नीट समजून घ्या. डुकराचे कच्चे राहिलेले, किडीचे मांस खाल्ले तर माणसाच्या आतड्यात फीतकृमी वाढतो. मेंदूत गाठ होते ती त्या मांसाने नव्हे. ज्याच्या पोटात फीतकृमी आहे त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात. ती हातांवरून, नाल्याच्या पाण्यावर पिकवलेल्या भाजीवरून, न धुतलेल्या सांबारावरून दुसऱ्याच्या पोटात जातात आणि तिथून रक्तावाटे मेंदूत पोचतात. म्हणून आयुष्यात मांसाला हात न लावलेल्या शाकाहारी माणसालाही हा आजार होतो. दोष कोणाच्या ताटाचा नाही. दोष उघड्यावरच्या घाणीचा, तुंबलेल्या नाल्यांचा आणि दूषित पाण्याचा आहे. वस्तीपर्यंत नाली आणि नळ कोणी पोचू दिले नाहीत, हा प्रश्न मग टोमणा मारणाऱ्याला उलट विचारता येतो.

सीटी स्कॅन भारतात आले तेव्हा फिट येणाऱ्या पुष्कळ रुग्णांच्या मेंदूत अशी लहानशी कडी दिसू लागली. ती क्षयाची गाठ समजून अनेकांना महिनोन् महिने टीबीची औषधे दिली जात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजातले डॉ. चांडी, डॉ. राजशेखर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा गाठी काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या. त्यांतल्या पुष्कळशा टीबीच्या नसून जंताच्या निघाल्या. त्यांनी हे जगापुढे मांडले. फोटो पाहून थांबले नाहीत, फोटोत दिसते ते खरोखर काय आहे हे पारखून घेतले, म्हणून हजारो लोक नको त्या औषधांतून सुटले.

वर्गात 'हरवणारे' मूल

मिरगी म्हणजे दरवेळी पडणे-झडणे नव्हे. साकोलीकडचा एक चौथीतला मुलगा आमच्या पाहण्यात आहे. वाचता वाचता मध्येच थांबायचा, आठ-दहा सेकंद टक लावून बघायचा, पापण्या फडफडायच्या, आणि पुन्हा वाचू लागायचा. मधली ओळ सुटलेली असायची. दिवसातून कितीतरी वेळा असे होई. शाळेत त्याला 'ढ' ठरवले, घरी मार बसला.

ईईजीच्या खोलीत तंत्रज्ञाने त्याला तीन मिनिटे जोरजोराने श्वास सोडायला लावले. दुसऱ्याच मिनिटाला मुलगा हरवला आणि त्याच क्षणी पडद्यावर एका सेकंदाला तीन या तालात मोठमोठ्या लाटा उठल्या. या आजाराची ही खूण बोस्टनच्या गिब्ज, डेव्हिस आणि लेनॉक्स यांनी १९३५ साली नोंदवली आहे. मुलाला गोळी सुरू झाली आणि हरवणे थांबले. तो ढ नव्हता. प्रत्येक धड्यातल्या ओळी त्याच्या मेंदूपर्यंत पोचतच नव्हत्या. "शिका" हा बाबासाहेबांचा पहिला आदेश पाळणाऱ्या समाजाने मुलाला मारण्याआधी त्याला काही होते आहे का, ते पाहायला नको?

सिकलसेल आणि मेंदू

पूर्व विदर्भात, आणि आपल्या समाजात विशेष, दुसरा एक प्रश्न आहे सिकलसेलचा. नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांनी १९५८ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात मध्य भारतातल्या सिकलसेलची नोंद केली. हातपाय दुखणे, रक्त कमी होणे हे आपल्याला ठाऊक आहे. पण विळ्यासारख्या वाकलेल्या लाल पेशींमुळे मेंदूच्या रक्तवाहिन्याही अरुंद होतात आणि लहान मुलालासुद्धा लकवा मारू शकतो, हे फार थोड्यांना माहीत असते. आफ्रिकी वंशाच्या मुलांपेक्षा भारतात हे प्रमाण कमी मानतात. पण ज्या घरात ते घडते, त्या घराला प्रमाण काय करायचे?

यावरही आधी पाहण्याचा उपाय आहे. डॉप्लर नावाच्या सोनोग्राफीने कानशिलावर लहानसे यंत्र टेकवून मेंदूच्या रक्तवाहिनीतल्या रक्ताचा वेग मोजतात. वाहिनी अरुंद झाली की रक्त जोराने धावते, नळीचे तोंड दाबल्यावर पाण्याची धार धावते तसे. हा वेग सेकंदाला २०० सेंटिमीटरवर गेला तर धोका मोठा. १९९८ साली अमेरिकेत अशा १३० मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. नियमित रक्त दिलेल्या ६३ मुलांपैकी एकाला लकवा झाला, न दिलेल्या ६७ पैकी अकरा जणांना. काही मुलांत तर बाहेरून काहीच दिसत नाही, पण एमआरआयमध्ये मेंदूचे बारीक भाग रक्ताअभावी मेलेले दिसतात आणि मूल अभ्यासात मागे पडत जाते.

नागपूरचे संपत रामटेके यांच्या घरात हा आजार आला, तेव्हा ते रडत बसले नाहीत. सिकलसेल सोसायटी ऑफ इंडिया उभी करून त्यांनी रुग्णांसाठी आयुष्य वेचले. २०१८ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. १ जुलै २०२३ पासून केंद्र सरकारचे सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू आहे. अपंगांच्या हक्काच्या २०१६ च्या कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आपल्या मुलाला 'एसएस' प्रकारचा सिकलसेल असेल तर डॉक्टरांना जरूर विचारा, "याच्या मेंदूची डॉप्लर तपासणी करायची का?"

यंत्राचीही अंधश्रद्धा नको

एवढे वाचून कोणी उद्याच एमआरआयच्या रांगेत उभे राहू नये. भगताच्या जागी आम्हाला यंत्राला बसवायचे नाही. ईईजी एकदा चांगला आला म्हणून मिरगी नाहीच, असे होत नाही. पुष्कळ रुग्णांचा पहिला आलेख निर्दोष निघतो. उलट, आलेखात किंचित दोष दिसला म्हणून मिरगी आहेच, असेही नाही. निदानाचा मुख्य आधार असतो झटका पाहणाऱ्याने सांगितलेली हकिगत. झटका आधी कुठून सुरू झाला, मान कोणीकडे वळली, किती वेळ चालला, हे डॉक्टरांना हवे असते. आज घरोघरी मोबाईल आहे. एकाने रुग्णाला सांभाळावे, दुसऱ्याने व्हिडिओ काढावा. डॉक्टरांना तो फार उपयोगी पडतो.

एका ओळखीच्या मजूर कुटुंबाला एका खाजगी ठिकाणी वर्षात तीनदा एमआरआय काढायला लावल्याचे आम्ही पाहिले आहे. बायकोची पोत गहाण पडली. तेव्हा "या फोटोने माझ्या उपचारात काय फरक पडेल?" हे डॉक्टरांना नम्रपणे पण जरूर विचारावे. जुने रिपोर्ट आणि फिल्म जपून ठेवाव्यात. सरकारी रुग्णालयात चौकशी करावी, आणि महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसते ते आरोग्यमित्राला विचारावे.

लग्नाच्या बाजारात

"पोरीला मिरगी आहे, कोण करील?" ही चिंता आईबापांना आजारापेक्षा मोठी वाटते. म्हणून आजार लपवतात, गोळ्या लपवतात, आणि लग्नानंतर गोळ्या बंद झाल्या की झटके परत येतात. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. १९७६ च्या दुरुस्तीने त्यात मिरगी ही लग्नाला आड येणारी बाब ठरली होती. १९९९ च्या दुरुस्तीने तो शब्द काढून टाकला. कायद्याने कलंक पुसला, आता समाजाने पुसायचा आहे. मिरगी असलेली स्त्री संसार करू शकते, आई होऊ शकते. फक्त लग्न ठरले की डॉक्टरांना सांगावे, कारण काही गोळ्या गरोदरपणात बाळाला अपायकारक असतात आणि त्या आधीच बदलाव्या लागतात. मनाने गोळी बंद मात्र कधीही करू नये.

आणखी एक. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधून ठेवणे, मारणे, मिरचीची धुरी देणे, जोडा भिजवलेले पाणी पाजणे हा २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर हा कायदा झाला. तो कागदावर राहू देऊ नका.

हे कापून भिंतीला लावा

झटका आला तर :
- रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काही ठेवा, गळ्याजवळचे कपडे सैल करा.
- चूल, विहीर, पाणी, विळा-कोयता यांपासून दूर करा.
- तोंडात चमचा, किल्ली, बोट काही घालू नका. हातपाय दाबून धरू नका. कांदा-चप्पल नको.
- पूर्ण शुद्ध येईपर्यंत पाणी पाजू नका.
- पाच मिनिटांहून जास्त चालला, शुद्ध येण्याआधी दुसरा आला, मार लागला किंवा बाई गरोदर असेल तर लगेच १०८ ला फोन करा.

ईईजीला जाताना :
- आदल्या दिवशी केस धुवा, तेल लावू नका.
- डॉक्टरांनी सांगितले असेल तर रात्री कमी झोपू द्या.
- चालू गोळ्या न विचारता थांबवू नका.

एमआरआयला जाताना :
- हृदयात पेसमेकर असेल, शरीरात धातूची पट्टी किंवा क्लिप असेल तर आधीच सांगा.

शेवटी त्या मुलीचे सांगतो. तिला जंताचे औषध डॉक्टरांच्या देखरेखीखाली मिळाले, झटक्याच्या गोळ्या सुरू झाल्या. पुढच्या फोटोत कडी दिसेनाशी झाली होती. गोळ्या बंद करण्याचा निर्णयही डॉक्टरांनीच, सावकाश घेतला. गेल्या वर्षी ती बारावी पास झाली. वैशाख पौर्णिमेला विहारात भेटली तेव्हा तिचा बाप म्हणाला, "भाऊ, आता कोनाचं आयकू असं इचारत नाही जी. आदी पाहून घेतो."

प्रत्येक विहारात महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर अर्धा तास आरोग्यावर बोलावे. आपल्या जिल्ह्यात ईईजी आणि सिकलसेलच्या मुलांची डॉप्लर तपासणी कुठे, कोणत्या दिवशी होते, हे ग्रामसभेत विचारावे आणि उत्तर लेखी घ्यावे. होत नसेल तर संघटित होऊन मागावे.

जयभीम!